क्रुसाविरुद्धचं निवेदन

पाय वजन लावून वर टांगलेला असला की नजर फिरून फिरून समोरच्याच भिंतीवर येते. मिशनच्या दवाखान्यात त्या भिंतीवर क्रूस आहे, त्यावर खिळे ठोकलेला येशू. मी देव मानत नाही. मग हे रोज बघायची सक्ती का? तो उतरवा, असं निवेदन मी पडल्यापडल्याच लिहिलं आणि शेजारच्या खाटांवर सह्या मागितल्या.

सॅमसनकाका म्हणाले, "आज शनिवार. आम्ही ज्यू आज लिहीत नाही. आणि तो मसीहा नव्हे, पण पोरगा आमचाच. रोमनांनी आमचे असे कितीतरी मारले."

पलीकडून दाऊदचाचा हसले. "ईसा आमचे पैगंबर. त्यांना सुळावर चढवलंच नाही, अल्लानं वर उचललं. हे भिंतीवरचे ते नव्हेतच, मग मी सही कशावर करू?"

सिस्टर स्टूल घेऊन आल्या. "तुमची एकट्याची सही पुरे. काढू?"

सिस्टरांचा येशू तिसऱ्या दिवशी उठतो. चाचांचा तिथे गेलाच नाही. काकांना तो निदान घरचा वाटतो. देव नाही हे सांगणाऱ्या माझ्या पत्रकांतून मीच ठणकावत आलो की तो साधा माणूस होता, मेला, संपला. म्हणजे सरकारनं ठोकून मारलेला एक सुतार, आणि त्याला सोडवायला कुणीही आलं नाही. अशा माणसाला नजरेआड करा, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?

"राहू द्या," मी म्हणालो. अजून पंधरा दिवस त्याच्यासमोर पडून राहायचं होतं, आणि आता तक्रारीलाही जागा उरली नव्हती.