कळमेश्वरची लाईन गेली नव्हती

सरकारी खिडकीशी उभं असताना ‘लाईन गेली आहे, उद्या या’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. तेव्हा कोणती लाईन, कुठून कुठवरची, आणि ती गेल्याचं पाहिलं कोणी — असं विचारलंत का कधी?

नसेल विचारलं. तुम्ही विचारत नाही, म्हणून तर मी चार वर्षं ताठ मानेनं हिंडलो. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — चळवळीच्या मंडळातल्या सोबत्यांना नाही, घरी नाही, माझ्या भाषणांना ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना तर नाहीच. आता का सांगतो आहे, ते विचारू नका. ते सांगायला लागलं की माणूस हळूच स्वतःची बाजू मांडायला लागतो. मला ती मांडायची नाही.

पण सरळ मुद्द्यावर येणंही जमत नाही. थोडा फेरा पडेल.

माझे वडील नागपुरात, महाल भागातल्या एका छापखान्यात जुळारी होते, म्हणजे खिळे जुळवायचे. मी अक्षरं शिकलो ती शिशाच्या खिळ्यांवरची, उलटी. शाळेच्या पुस्तकाआधी हातात आली ती पत्रकं — गिरणी कामगारांची, विणकरांची, वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांची. पत्रकात मारणारा कोण आणि मार खाणारा कोण, हे दुसऱ्या ओळीपर्यंत कळतं. मला जग तसंच दिसायचं. अजूनही दिसतं, आणि त्याची मला लाज नाही.

नोकरी मात्र लागली एका सरकारी कार्यालयाच्या संगणक खोलीत. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. या गोष्टीतला दोष त्याचा नाही. बेकार तरुणांची नोंदणी करायची आणि कारखान्याकडून मागणी आली की ज्येष्ठतेनं नावं पाठवायची, असं तिथलं काम. खोलीत शिरताना चप्पल बाहेर काढावी लागे, देवळात काढतात तशी. बाहेर नागपूरचा मे महिना आणि आत आम्ही स्वेटर घालून बसलेले. मशीन सांभाळणं हे माझं काम. ती संथ झाली, बाहेरच्या केंद्राशी संपर्क तुटला, की कारण मी शोधायचं.

नागपूरजवळच्या कळमेश्वरला औद्योगिक वसाहत, म्हणून तिथं आमचं उपकेंद्र होतं. एक खोली, एक टर्मिनल — म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक, सगळी अक्कल नागपूरला — आणि टेलिफोनच्या तारेवरून दोन्ही जोडणारा मोडेम. तिथं प्रमिला मेश्राम बसायची. बावीस-तेवीस वर्षांची, रोजंदारीवर. तीन वर्षं भरली की रोजंदारीवाल्यांना कायम करत. तिची भरायला चार महिने उरले होते. रोज सकाळी तिचा फोन यायचा: भाऊ, तुमची मशीन उठली का अजून झोपूनच राहिली? मी हसायचो. कामात ती चोख होती — हे तेव्हाही मला माहीत होतं. लक्षात ठेवा, माहीत होतं.

आता तो दिवस.

नोंदणी ठरावीक मुदतीनं नवी करावी लागे. तारीख चुकली की ज्येष्ठता गेली, माणूस रांगेच्या शेवटी. मे महिन्याची अखेरची तारीख होती आणि कळमेश्वरच्या खिडकीपुढे डोक्याला दुपट्टे बांधलेल्या पोरांची रांग लागली होती. प्रमिला कार्डावरचा क्रमांक मशीनमध्ये घालायची, कार्डावर शिक्का मारून ते परत द्यायची. मागे कागद उरत नसे. त्याचंच तर तेव्हा कौतुक होतं. तीसेक नावं झाली की ती सगळी एकदम साठवायची.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या मंडळाचं पत्रक छापायला जायचं होतं. किती मुलं दहा-दहा वर्षं नावं नोंदवून बसली आहेत आणि एकदाही बोलावणं आलेलं नाही, त्यात कोणत्या जातीची किती — हे आकडे मशीनच्या पोटात होते. साहेबांनी ते दिले नसते. साहेब बैठकीला गेलेले पाहून अकरा वाजता मी ते स्वतःच काढायला बसलो. ते आकडे ज्यांचे होते त्यांच्यासाठीच मी ते काढत होतो. यातला एक स्वल्पविरामही मी आज मागे घेत नाही.

पण असा मोठा शोध काम संपल्यावरच चालवायचा, असा नियम होता, आणि तो शहाण्या माणसानं केलेला होता. जातीच्या रकान्याची सूची मशीनमध्ये केलेली नव्हती. सूची नसली की मशीन काय करते? शब्दकोशात एक शब्द शोधायला पहिल्या पानापासून ओळ न् ओळ वाचत जावं, तशी ती सगळ्या नोंदी वाचत जाते. आणि ती वाचते आहे तोवर नोंदींना कुलूप — दुसऱ्या कोणाला काही लिहिता येत नाही. मला हे ठाऊक नव्हतं? नव्या लोकांना हे मीच शिकवायचो! वाटलं, दहा मिनिटांत होईल. होत नाही, हेही ठाऊक होतं.

पाऊण तासानं फोन आला. प्रमिला म्हणाली, पडदा अडकला. मी सवयीनं म्हणालो, लाईन गेली असेल.

‘लाईन नाही गेली, भाऊ,’ ती म्हणाली. ‘मोडेमचा दिवा जळून राहिला. कळ दाबली का अक्षर उमटून राहिलं. उत्तर तेवढं येत नाही. तुमच्याकडंच मशीन कशात तरी गुंतली. पहा बरं.’

इथं थांबा जरा. मी चार वर्षं इथंच थांबलेलो आहे.

ती म्हणाली ते अगदी बरोबर होतं. तिनं दाबलेलं अक्षर तारेवरून नागपूरला येतं, मशीन ते परत पाठवते, तेव्हा कुठं ते तिच्या पडद्यावर दिसतं. म्हणजे अक्षर उमटत असेल तर तार शाबूत आहे आणि घोळ मशीनमध्ये आहे. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिनं पाहिलं, ताडलं आणि दोन वाक्यांत मला सांगितलं — रांगेतली माणसं खिडकीवर थापा मारत असताना.

माझ्या समोर माझा शोध चालूच होता. दोन कळा दाबल्या असत्या तर तो थांबला असता. दोन. तिचं काम सुरू झालं असतं. माझे आकडे गेले असते, पत्रक एक दिवस लांबलं असतं. एक दिवस!

मी दाबल्या नाहीत.

मी म्हणालो, लाईनच आहे. टर्मिनल आणि मोडेम दोन्ही बंद कर आणि थोड्या वेळानं चालू कर.

ती म्हणाली, ‘बंद करायचं नाही म्हणून भिंतीवर कागद तुमीच लावला न, भाऊ. अन् एकोणतीस नावं साठवायची राहिली.’

मी सांगतो आहे ना, मी म्हणालो. आवाज चढवून म्हणालो. कशासाठी? थोडा वेळ मिळावा म्हणून, तिनं आणखी कोणाला फोन लावू नये म्हणून. आणि ती एकोणतीस नावं? खरं सांगू — त्यांचा मी विचारच केला नाही. आकड्यांत मी हजारो मुलं मोजत होतो. त्यात ही एकोणतीस कुठं दिसणार होती?

तिनं बंद केलं. तारेवरचं तिचं काम तुटलं, न साठवलेली नावं पुसली गेली. मी लॉगबुकात लिहिलं: कळमेश्वर लाईन खराब. माझा शोध संपला, कुलूप सुटलं, तिचा पडदा पुन्हा चालू झाला. तिनं लगेच फोन केला — नावं दिसत नाहीत. मी म्हणालो, असतील आत, बघतो. बघितलं नाही. तोवर शिक्का मारलेली कार्डं खिशात घालून पोरं घरी गेली होती.

पत्रक गाजलं. आकडे खरे होते, त्यामुळे कोणाला ते खोडता आले नाहीत. साहेबांना ते कुठून आले हे कळलं नाही.

दीड महिन्यानं एका कारखान्याची मागणी आली, यादी गेली, जागा भरल्या. त्यात ती एकोणतीस नावं नव्हती. शिक्क्याची कार्डं नाचवत पोरं उपकेंद्राच्या दारात उभी राहिली, आणि चौकशी लागली.

बिघाड शोधण्याची आमची एक रीत आहे. मशीन, तार, टर्मिनल — तिघांतल्या दोघांना निर्दोष ठरवा, उरेल तो गुन्हेगार. टेलिफोनचा लाईनमन आला. त्या दिवशी तारेची तक्रारच नव्हती म्हणाला. तार बिचारी उगाच बदनाम होते, साहेब. सगळे हसले. मीही हसलो. मशीनचं काय, साहेबांनी मला विचारलं. मशीन ठीक होती, मी म्हणालो.

उरलं टर्मिनल. म्हणजे प्रमिला.

ती भ्याली नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाली, ‘यायनंच सांगतलं मले. मी नाही म्हनत होती.’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, ‘असं मी कशाला सांगेन, साहेब? बंद करायचं नाही म्हणून भिंतीवरचा कागद मीच तर लावला आहे.’

तिचंच वाक्य. तिनं फोनवर मला थांबवायला वापरलं, मी चौकशीत तिला गाडायला. पुढच्या सोमवारपासून तिला येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. कायम व्हायला दोन महिने राहिले होते.

इथं संपलं असतं तर मी भित्रा ठरलो असतो, एवढंच. पण संपलं नाही.

मंडळाच्या बैठकीत विषय निघाला — दलित मुलगी, रोजंदारी, एका फटक्यात घरी. लिहायला कोणाला सांगणार? मलाच. आणि मी लिहिलं. एका दमात लिहिलं. त्या पत्रकाचा तिसरा परिच्छेद आजही लोक मला म्हणून दाखवतात: ‘यंत्राची कसलीही माहिती नसलेल्या एका गरीब मुलीला प्रशासनाने प्रशिक्षण न देता यंत्रापुढे बसवले आणि चूक घडताच हाकलून दिले.’ वाक्याला लय आहे, मारणारा आणि मार खाणारा दोन्ही जागच्या जागी आहेत. त्या पत्रकावर मी मंडळाचा सचिव झालो.

एका रविवारी मंडळाच्या खोलीत प्रमिला आली. पत्रक माझ्यापुढे ठेवलं. आजवर मला भाऊ म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही.

‘मले मशीन समजत नाही, असं लिवलं तुमी,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी कोणाले समजली होती, सांग न गा. आता काहून बोलून नाही राहिला?’

खोलीत आठ-दहा जण होते. त्यांना काय कळणार? सगळे माझ्याकडे पाहू लागले, आणि मी — सोबत्यांकडे वळून, मोठ्या समजूतदार आवाजात — म्हणालो, आपल्या बहिणीवर अन्याय झाला आहे, तिचा संताप आपण समजून घेतला पाहिजे. दोघांनी माना डोलावल्या. एकानं तिला पाणी दिलं. तिनं ते घेतलं नाही.

ती आता एका कारखान्यात पॅकिंगच्या खात्यात आहे, असं ऐकतो. चौकशीचा शेरा आडवा आला. मशीनपुढे तिला पुन्हा कोणी बसवलं नाही.

आता सोबती म्हणतील, हे छापू नकोस, विरोधक याचा वापर करतील. करू देत. खुशाल करा! दहा-दहा वर्षं बोलावणं न आलेली मुलं माझ्या खोटेपणानं खोटी ठरत नाहीत. तुमच्यात हिंमत असेल तर आधी त्या आकड्यांना उत्तर द्या, मग माझ्याकडे या; मी इथंच आहे. पण सोबत्यांनो, तुम्हीही ऐका — चळवळीसाठी केलंस, असं म्हणून माझ्या पाठीवर हात ठेवायला कोणी येऊ नका. रांगेत उभ्या पोरांना आणि त्या मुलीला तुडवून मी चळवळीचं पत्रक वेळेवर छापलं. वेळेवर, बस.

हा मजकूर साहेबांना दिला आहे. खाली सही आहे. लॉगबुकातलं कोणतं पान पाहायचं तेही लिहिलं आहे. माझी नोकरी ठेवायची की नाही ते त्यांनी ठरवावं. एक प्रत प्रमिलाला टपालानं पाठवली. तिच्या चौकशीचं प्रकरण पुन्हा उघडायला ती उपयोगी पडेल. त्यात क्षमा मागितलेली नाही. मागितली असती तर ती द्यायची की नाही, हे आणखी एक काम मी तिच्यावर टाकलं असतं.

आणि तुमच्याकडे एक काम आहे. ते पत्रक अजून अनेक घरांत असेल, वाचनालयांत असेल, कोणाच्या फायलीत असेल. ते काढा. तिसऱ्या परिच्छेदात ‘प्रशासनाने’ आहे तिथं रेघ मारून या लेखावरचं माझं नाव लिहा. ‘यंत्राची कसलीही माहिती नसलेल्या’ हे शब्द खोडा आणि वर शाईनं लिहा: ‘यंत्राचा बिघाड जिनं एकटीनं बरोबर ओळखला.’ मग ते पत्रक शेजारच्या माणसाला वाचायला द्या.