मागून गाडी बघणारे दाजी

जगातली सगळी माणसं गाडी समोरून बघतात. आमचे दाजी मागून बघायचे. नवी कोरी गाडी दारात उभी असली, मालक हौसेनं इंजिनाचा आवाज ऐकवत असला, तरी दाजी सरळ वळसा घालून मागं जायचे, डिक्कीवर दोन बोटांनी टकटक करायचे आणि म्हणायचे, "उघडा की जरा." उदगीरला एका भाचीच्या लग्नात त्यांनी फुलांनी सजवलेल्या नवरदेवाच्या गाडीची डिक्की उघडायला लावली होती. हार तुटले, नवरदेवाचा मामा चिडला. दाजींनी आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि अक्काला सांगितलं, "पोरीच्या दोन पेट्या बसत्यात. तिसरी द्यायची न्हाई."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आणि दाजी तिचे यजमान. भालकी-उदगीर बसवर त्यांनी तीस वर्षं कंडक्टरकी केली. बाजारच्या दिवशी त्यांच्या गाडीत काय चढत नसे? कांद्याची पोती, पत्र्याच्या पेट्या, पाळणे, कोंबड्यांच्या डालग्या, एकदा तर पिठाच्या गिरणीचं जातं. दाजी दारात उभे राहून सामानाच्या एकेका डागाकडं बघायचे आणि कुठला कुठं जाईल ते सांगायचे. "माणूस मुडपून बसतंय, सामान मुडपत न्हाई," हे त्यांचं कायमचं वाक्य. निवृत्त झाल्यावर बस सुटली, नजर सुटली नाही. आमच्या घरचा फ्रीज उघडला तरी ते आधी भांड्यांची जागा बदलायचे. माझी बायको तेवढ्यापुरती स्वयंपाकघरातून बाहेर यायची, कारण आत राहिली असती तर ती काहीतरी बोलली असती.

दाजींना जाऊन आता दोन वर्षं होतील. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, आणि मी बोलतोच आहे. पण माझा त्यांच्यावर एक राग आहे. तो ते असताना होता आणि अजूनही आहे.

हा राग कळायचा तर आधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी सायकलवर प्लास्टिकच्या बादल्या विकत सुरुवात केली. आज भालकीत माझं पाईप आणि मोटारपंपांचं दुकान आहे. हे मला कुणी दिलेलं नाही, मी घासाघीस करून मिळवलं आहे. हैदराबादचे ठोक व्यापारी मी दुकानात शिरताना दिसलो की चहा सांगतात आणि स्वतःसाठी डोकेदुखीची गोळी काढतात. माझा स्वभाव तापट आहे हे मला मान्य आहे, पण भाव करताना मी कधी तापत नाही. तिथं मी बर्फ असतो. समोरच्याला आपल्याला वस्तू आवडली आहे हे शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही, हा माझा एकच नियम. त्यावर माझं घर उभं आहे.

गाडी घ्यायची ठरली ती आईमुळं. न्हाणीत पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर ती चाकाच्या खुर्चीवर आली. बाकी तिला कशाचं काही वाटलं नाही, पण दोन वर्षं वेळ अमावस्येला रानात जाता आलं नाही हे तिनं मनाला लावून घेतलं. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडं गावं ओस पडतात. सगळी माणसं डाळी-भाज्यांच्या भज्जीची पातेली, बाजरीच्या उंड्यांच्या दुरड्या आणि ताकाच्या आंबिलीची मडकी घेऊन रानात. कडब्याच्या झोपडीतली, कोपीतली पूजा आमच्या घरात आईच करायची. पहिल्या वर्षी मी तिला दुकानाच्या टेंपोत चढवायचा प्रयत्न केला, तर ती अर्ध्यातच ओरडली, "मला पाईपासारखं कामून उचलायलास?" आणि परत आत गेली. दुसऱ्या वर्षी मी विषयच काढला नाही. तिसऱ्या वर्षी दिवाळी झाल्या झाल्या तिनं जाहीर केलं, "मला न्हाई नेलं तर चालतंय. पण मग आंबील मी करणार न्हाई. तुमचं तुम्ही करून प्या."

तेव्हा एकच गाडी हवी होती. तिच्यात मी, बायको, दोन पोरं आणि आई बसली पाहिजे, मागं खुर्ची आणि रानातलं सगळं सामान बसलं पाहिजे, आणि वेळ अमावस्येच्या आत ती दारात आली पाहिजे.

मी बीदरला गेलो आणि एका शोरूममध्ये तीन तास बसून गॅसवर चालणारी एक गाडी ठरवली. सीट कव्हर फुकट, मॅट फुकट, विमा अर्धा त्यांचा. सेल्समनच्या कपाळावरचा घाम मी स्वतः बघितला. टोकन देऊन घरी आलो आणि दाजींना मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांनी फोटो उलटसुलट केला, जणू मागची बाजू दिसेल.

"डिक्की कशी हाय?"

"मोठी हाय. चारशे लिटरच्या वर म्हणायलेत."

"लिटरात तेल मोजतेत. आईची खुर्ची किती लिटरची हाय?"

पुढच्या रविवारी सकाळी दाजी दारात. त्यांनी आईची खुर्ची घडी घालून काखेत मारली, आंबिलीचं रिकामं मडकं माझ्या हातात दिलं, गादीची वळकटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. आई खाटेवर बसून म्हणाली, "न्या. मी कुठं पळून जाणार हाय?" आम्ही बसनं बीदरला निघालो. माझ्यासारखा दुकानदार मांडीवर मडकं घेऊन बसलेला बघून निम्म्या बसनं विचारलं की कुणाचं काय झालं.

शोरूममध्ये दाजींनी डिक्की उघडायला लावली. आत गॅसची टाकी पाय पसरून झोपली होती. तिच्या बाजूला मडकं राहिलं असतं, तेही आडवं. तीन तासांत मी त्या गाडीचं सगळं बघितलं होतं, डिक्की तेवढी उघडली नव्हती. सेल्समन म्हणाला, "काका, मागची सीट पाडली की भरपूर जागा होते."

"सीट पाडा की," दाजी शांतपणे म्हणाले. "आईला टपावर बसवू."

टोकन बुडालं. मी बसमध्ये दाजींशी बोललो नाही. ते मात्र आनंदात होते, कारण त्यांना काम मिळालं होतं.

त्यानंतरचे तीन रविवार आम्ही हुमनाबादच्या हायवेवर जुन्या गाड्यांच्या अड्ड्यांवर घालवले. खुर्ची, मडकं, वळकटी. ढाब्यावरचे लॉरीवाले आम्हाला ओळखायला लागले. एका उंच, रुबाबदार गाडीपुढं मी थांबलो, तर दाजींनी खुर्ची उचलून आत टाकून बघितली आणि कंबर धरली. "ही डिक्की न्हाई, माळा हाय. रोज शिडी लावणार का?" सात माणसांची एक गाडी मला फार आवडली होती. मागची तिसरी सीट उभी केल्यावर दाराला आणि सीटला मधे वीतभर जागा उरली. दाजींनी त्या फटीत हात घालून बघितला. "सातजण बसतेत, शेठ. सातजणांच्या चपला रस्त्यावर सोडायच्या." चिडवायचं असलं की ते मला शेठ म्हणायचे. इंजिन सुरू करू का असं कुणी विचारलं की म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या, ते मिस्त्री बघंल."

चौथ्या रविवारी ती सापडली. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका इंजिनिअरसाहेबांच्या अंगणात पांढरी, लांब पाठीची गाडी उभी होती. कंपनी तिला इस्टेट म्हणायची. आमच्या घरात पुढं तिचं नाव लांबडी पडलं. असली गाडी आता बनत नाही, आणि बनत होती तेव्हाही फारशी कुणी घेतली नाही. म्हणजे गिऱ्हाईक मी एकटाच. अशी संधी आयुष्यात दोनदा येत नाही. मी तोंड वाकडं केलं. रंग उडाला म्हणालो, टायर गेले म्हणालो, असल्या गाडीला पुढं कोण विचारणार म्हणालो. साहेबांनी भाव एकदा उतरवला. मी उठून चपला घातल्या. त्यांनी दुसऱ्यांदा उतरवला. मी एक चप्पल काढली. अजून अर्ध्या तासात मी त्यांना माझ्या आकड्यावर आणलं असतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

तेवढ्यात दाजींनी मागचं दार उघडलं. ते पूर्ण वर गेलं, डोक्याला न लागता. खालचा काठ गुडघ्याच्या जरा वर. त्यांनी खुर्ची ठेवली, मडकं उभं ठेवलं, वळकटी ठेवली, तरी एक पोतं मावेल एवढी जागा शिल्लक. त्यांनी दार लावलं. ते एका हातानं, आवाज न करता लागलं. मग ते आमच्याकडं वळले. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

"हीच," ते म्हणाले. "हिला आता सोडायचं न्हाई."

साहेब हसले आणि खुर्चीत मागं रेलले. "पसंद आ गई ना? अब भाव क्या करते जी?"

त्यानंतर ते एक रुपया खाली आले नाहीत. उतरवलेला भावही त्यांनी पुन्हा चढवला. मी गाडी घेतली, कारण वेळ अमावस्या तीन आठवड्यांवर होती.

येताना मी चालवत होतो आणि दाजी मागच्या सीटवर, सामानावर लक्ष ठेवून. राजेश्वर गाव आलं आणि माझं तोंड सुटलं. बरंच बोललो. शेवटी म्हणालो, "जन्मभर दुसऱ्याच्या गाडीत उभं ऱ्हायलात तुम्ही. घेणं काय असतंय ते तुम्हाला काय कळणार?"

दाजी म्हणाले, "खरं हाय." घराजवळ उतरले, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि गेले.

त्यानंतर ते आले नाहीत. अक्का दुकानात येऊन म्हणाली, "काय बोललास रे त्यास्नी? जेवताना बी गप ऱ्हायलेत." मी म्हणालो, भावाचं बोललो. ती म्हणाली, "तुझा भाव तुझ्यापाशी ठेव," आणि मी दिलेला चहा न पिता गेली. जाऊन माफी मागावी असं रोज वाटायचं. रोज दुकान बंद करेपर्यंत त्या उतरवलेल्या भावाची आठवण यायची आणि पाय घराकडंच वळायचे.

वेळ अमावस्येच्या सकाळी मी एकटाच गाडी भरायला लागलो. खुर्ची जड, म्हणून ती तळाला घातली. तिच्यावर दुरड्या, मग पातेलं, मग सतरंज्या. मडक्याला जागाच उरली नाही. पोराला म्हणालो मांडीवर घे, तर आंबील हिंदकळून त्याच्या नव्या शर्टावर आली. आई उंबऱ्याजवळ साध्या खुर्चीवर बसून सगळं बघत होती.

"शेठ," ती म्हणाली, "माझी खुर्ची तळाला गेली. मला रानात उतरवायचं कशात, पातेल्यात?"

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी दाजी दिसले. ते आले, माझ्याकडं बघितलं नाही, गाडीतला एकेक डाग काढून जमिनीवर मांडला आणि रिकाम्या डिक्कीकडं बघितलं. मग भरायला लागले. पातेलं, दुरड्या, त्यांच्या आधाराला सतरंज्या, कोपऱ्यात मडकं उभं, त्याच्या गळ्याला दोरी. "जे पहिलं उतरायचं ते शेवटी चढवायचं," हे त्यांनी माझ्या पोराला सांगितलं, मला नाही. आईला पुढं बसवलं, खुर्ची सगळ्यात शेवटी ठेवली, दार लावून वर दोन थापा मारल्या. "राईट."

मी गाडी सुरू केली आणि आरशात बघितलं. दाजी रस्त्यात उभे होते. पाच सीट, पाच माणसं. पाच रविवार त्यांनी खुर्ची मोजली, मडकं मोजलं, वळकटी मोजली, स्वतःला मोजलं नव्हतं. मीही मोजलं नव्हतं. ते मागून दुकानाच्या टेंपोतून आले. अक्काला आत ड्रायव्हरशेजारी बसवून स्वतः मागं उभे राहून.

रानात बांधापर्यंत गाडी गेली. खुर्ची पहिल्यांदा उतरली, आई तिच्यात बसली, आणि आम्ही दोघांनी, मी एका बाजूनं आणि दाजींनी दुसऱ्या, तिला हरभऱ्याच्या कडेनं कोपीपर्यंत उचलून नेलं. पायाखाली काळी माती फुटत होती. कोपीचं तोंड चुकीच्या दिशेला केलंय, पूजेच्या दगडांचा चुना पातळ झालाय, दोन वर्षं तुम्ही पूजा कसली केली कुणास ठाऊक, असं ती वाटेतच सुरू झाली होती. पूजा झाल्यावर तिनं पहिला पेला भरला आणि म्हणाली, "आधी कंडक्टरला द्या." मी तो पेला नेऊन दिला. दाजींनी घेतला. माफी तेव्हाही मागता आली असती. पण चारी बाजूंनी माणसं जेवायला बसली होती, आणि मी सबब शोधण्यातही हुशार आहे.

वर्षभर ते येत-जात राहिले, फ्रीजमधली भांडी हलवत राहिले. पुढच्या वेळ अमावस्येला मी दोन्ही पोरांना टेंपोत पाठवलं. पोरं खूशच होती. बायको आणि आई मागं बसल्या. दाजींनी गाडी भरली, दार लावलं, थापा मारल्या आणि बाजूला झाले. मी खाली उतरून पुढचं दार उघडलं.

"बसा."

"मी टेंपोतनं येतो की."

"टेंपो भरलाय. बसा."

ते बसले. पट्टा कसा लावायचा ते मी दाखवलं. तीस वर्षं गाड्यांवर काढलेला माणूस पुढच्या सीटवर पाहुण्यासारखा अवघडून बसला होता, हात मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला मान मागं वळायची, मडकं हाय का बघायला. कारखान्याचा फाटा मागं पडल्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली. मी वेग कमी केला आणि वाटलं, आता बोलून टाकू.

"दाजी, त्या दिवशी हुमनाबादहून येताना मी जे बोललो..."

"म्होरं बघून चालव," दाजी म्हणाले. "आई मागं बसलीय."

मी समोर बघितलं. उन्हाळ्यात ते गेले.