रजिस्टरातलं तिखट

आमच्या दोंडाईच्याच्या वाचनालयात सुमनअक्का ग्रंथपाल होत्या, तेव्हा रोज वाचनालय बंद करताना त्या हजेरीपटावर लाल पेनाने रेघ मारत आणि खाली वाचकांची संख्या लिहीत. कुणीच आलं नसेल तर अक्षरी ‘शून्य’ लिहीत. मी त्यांचा मदतनीस. मला हे अजिबात पटायचं नाही. तपासणीला साहेब आले की काय दिसणार? मी म्हणायचो, "अक्का, दोन-चार नावं टाकू ना, कोण बघतंय?" त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत. "आले असतील तर लिही. नसतील आले तर शून्य लिही. शून्याला काय काटे आहेत?"

बाई सडपातळ, पण आवाज खणखणीत. हा आवाज कामी आला तो मिरचीच्या पथारीवर. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात मिरची वाळत घालतात, तिला आमच्याकडे पथारी म्हणतात. शेजारच्या शेडमध्ये बायका दिवसभर बसून मिरचीचे देठ खुडतात. अक्का एकदा तिथून जात असताना एका बाईने त्यांच्या पिशवीतल्या पुस्तकाकडे बोट दाखवून विचारलं, "हाई काय शे, अक्का?" अक्का तिथेच पायरीवर बसल्या आणि वाचायला लागल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. मग दुपारी तीन ते चार अक्का पथारीवर, हे ठरूनच गेलं. त्या पुस्तक कुणाच्या हाती मात्र देत नसत. "हात तिखट आहेत गं बायांनो. उद्या हे पुस्तक कुणाचं लेकरू उघडेल आणि तीच बोटं डोळ्याला लावेल."

सरकारी अनुदानात पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि आमचे तुटपुंजे पगार यांपलीकडे काही बसत नव्हतं. मग अक्कांनी जळगावच्या एका व्यापारी कुटुंबाच्या ट्रस्टला पत्र लिहिलं. ट्रस्टने मोठ्या टायपाची पुस्तकं, सतरंज्या आणि पंखे दिले. पथारीच्या शेठने शेडचा एक कोपरा आणि बायकांना तासाभराची मोकळीक दिली, तीही ट्रस्टचं नाव ऐकून. ट्रस्ट हटला की शेठ हटणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ट्रस्टची अट एकच. ऐकायला येणाऱ्या बायकांच्या सह्यांचं रजिस्टर ठेवायचं आणि वर्षअखेरीला त्यांचे कोठारीसाहेब येऊन ते बघणार.

आता माझा शहाणपणा ऐका. साहेब येणार त्याच्या आठवडाभर आधी मी ते रजिस्टर उघडलं. पानापानावर लाल डाग, कुठे अंगठा, कुठे थरथरती सही, कुठे देठ चिकटलेला. शी! हे दाखवायचं जळगावच्या माणसाला? मी नवं रजिस्टर आणलं, तीन रंगांची पेनं घेतली आणि घरी बसून सगळं सुवाच्य उतरवून काढलं, सह्यांसकट. मला वाटलं, अक्का खूश होतील.

कोठारीसाहेब सकाळी अकराला आले. चहाला हातसुद्धा लावला नाही. मी ऐटीत नवं रजिस्टर पुढे ठेवलं. त्यांनी चार पानं उलटली आणि थांबले. "या सगळ्या बाया एकाच शाळेत शिकल्या का हो? सगळ्यांचा ‘बाई’मधला ‘ब’ सारखाच आहे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. साहेबांनी रजिस्टर मिटलं. "म्हणजे कार्यक्रम कागदावरच आहे. मला तसं लिहून द्यावं लागेल."

"लिहा," अक्का म्हणाल्या. "हे रजिस्टर खोटं आहे, तसंच लिहा. पण खरं बघून जा." त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. साहेब कारकुनी सवयीने बोट जिभेला लावून पान उलटू लागले. एक पान, दुसरं, तिसरं. चौथ्या पानाला त्यांचा चेहरा बदलला. मग ठसका लागला, नाक वाहू लागलं, जीभ बाहेर आली. "पाणी! अहो, पाणी द्या!"

अक्कांनी पाणी दिलं, गुळाचा खडा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, वर्षभर देठ खुडलेल्या हातांच्या सह्या आहेत त्या."

ठसका थांबायला बराच वेळ लागला. डोळे पुसत साहेब उठले. "पुढच्या वर्षाच्या मंजुरीचं पत्र पाठवतो," एवढंच बोलले. ते गेल्यावर अक्कांनी मला त्या कोऱ्या करकरीत रजिस्टरावर माझ्याच हाताने ‘हे खोटे आहे’ असं लिहायला लावलं आणि ते कपाटात ठेवून दिलं. आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ते आठ दिवस मी कधी विसरणार नाही, असं मला वाटत होतं.

अक्का निवृत्त होऊन यावलला भावाकडे गेल्या आणि पथारीवरचं वाचन माझ्याकडे आलं. आधी रोज गेलो. मग आठवड्यातून दोनदा. मग ऊन, मग कामं, मग पाठदुखी. उरलेल्या दिवसांच्या सह्या पुन्हा माझ्याच पेनाने व्हायला लागल्या. लाज वाटते सांगायला, पण झालं ते झालं.

गेल्या महिन्यात यावलहून त्यांच्या भावाचा फोन आला. अक्का पहाटे गेल्या. दुसऱ्याच दिवशी ट्रस्टचे नवे साहेब येणार होते. मी सुन्नपणे रजिस्टर घेऊन बसलो. नकळत बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं. काहीच नाही. आणखी उलटली. नुसता कागद. मला एकदम रडू फुटलं.

मग लाल पेन घेतलं. ज्या ज्या दिवशी गेलो नव्हतो, तिथल्या सह्यांवर काट मारली आणि खाली शून्य लिहिलं. दीड तास लागला. साहेबांना काय म्हणायचं ते म्हणोत. तीन वाजता पुस्तक आणि रजिस्टर घेऊन पथारीवर गेलो.

सखूबाई सर्वांत जुनी. मान वर न करता म्हणाली, "आते उनात का, भाऊ?" आत्ता आलात का, एवढाच तो प्रश्न.

"अक्का गेल्या," मी म्हणालो.

सगळ्यांचे हात थांबले. कुणीतरी पदर डोळ्याला लावायला गेली, तर शेजारणीने तिचा हात धरला. मग सखूबाईने सतरंजीवरची मिरची बाजूला सारून मला जागा केली. "अक्कानी जठे सोडं व्हतं, तठेन वाचा."

त्या दिवशी रजिस्टरात बारा सह्या झाल्या. संध्याकाळी दोनदा हात धुतले, तरी बोटं झोंबत होती.