रानात बसून भाकर

मला उत्तम गुजराती येतं, असं नव्वदच्या दशकात माझं ठाम मत होतं. खानदेशातून सुरतेला येऊन लूमच्या कारखान्यात सुपरवायझर झालो होतो, शेठशी गुजरातीत भांडत होतो (आणि गुजरातीतच हरत होतो). आणखी काय पाहिजे?

शेठचीच व्हॅन मागून मी आई आणि बायकोला कच्छला देवीच्या दर्शनाला नेलं. परतताना आई म्हणाली, "भाऊ, कितला दिन व्हयनात, रानमा बठीसन भाकर खादी नही. येखादं झाड दखायनं ते थांब."

बिचारी! सुरतेच्या एका खोलीत तिच्या वाट्याला डालड्याच्या डब्यातली तुळस तेवढी आली होती. मला भरून आलं. चहाच्या टपरीवर गाडी थांबवून मी ऐटीत विचारलं, "भाई, जोवा जेवी जग्या?" म्हणजे बघण्यासारखी जागा. तिथे झाडं असणारच!

"जमणी बाजु वळो. आगळ रण आवशे!"

"काय म्हणतो?" बायकोने विचारलं.

"उजवीकडे वळायचं. पुढे रान आहे!"

"अहो, तो रण म्हणाला. शाळेत नव्हतं का, कच्छचं रण?"

"रण म्हणजे लढाई! इथे कोण लढतंय आता?"

(गुजरातीत वाळवंटाला रण म्हणतात. पण सुरतेत तापी होती, हजीऱ्याला समुद्र होता. शेठशी वाळवंटावरून भांडायची वेळच आली नव्हती!)

वळलो. आधी झाडं संपली, मग झुडपं, मग गवत. "पुढे दाट असेल," मी म्हणत राहिलो. शेवटी रस्ता संपला आणि मिठाच्या चिखलात चाक रुतलं. चोहीकडे पांढरंफटक!

आई उतरली. "पोऱ्या, हाई रान शे?"

"कापणी व्हई गयी वाटस," मी म्हणालो.

एक उंटवाला भेटला, तो ट्रॅक्टर आणायला गेला. ऊन डोक्यावर, व्हॅनचा तवा झालेला. आईने शांतपणे भाकरीचं गाठोडं सोडलं आणि चादर माझ्या हातात दिली.

"झाड नही ते नही. तू उभा राय."

मी दोन्ही हात पसरून चादर ताणली. सासू-सुना खाली सावलीत बसल्या. भाकर, ठेचा, कांदा. आई इतकी मनापासून जेवली की माझे दुखणारे हातही मला गोड वाटायला लागले.

"आई, यांना एक घास देऊ का?" बायकोला दया आली.

"उगी राय! झाडले कोन भाकर देस?"

ट्रॅक्टर येईपर्यंत त्या अख्ख्या रणात एकच झाड होतं, आणि ते उपाशी होतं!