डोलीत बसवलेले वडील

परवा सूनबाईंनी जुने घोंगडे उन्हात टाकले आणि त्याच्या उग्र वासासरशी मी पोलादपूरच्या डोंगरवाटेवर जाऊन पोहोचलो. आजारी वडिलांना त्या वाटेने खाली दवाखान्यात नेले, त्या दिवशी ते नवसाने वाचले, असे आमच्या घरात सर्रास सांगितले जाते. मला ते साफ अमान्य आहे.

वडिलांना धाप लागली होती, पावले सुजली होती. आजाऱ्याला डोलीत आडवे घालून खाली उतरवायचे, ही आमच्याकडची रीत. आडवे घालताच त्यांचा श्वास कोंडला, ओठ निळे पडले. मी तेव्हा महाडला विज्ञान शिकवीत असे. हृदय रक्त पुढे ढकलण्यात कमी पडले की ते मागे फुप्फुसांत तुंबते आणि आडवे झाल्यावर अधिकच तुंबते, हे मला ठाऊक होते.

"बसवा त्यांना!" मी ओरडलो.

"मास्तर, दादा काय नवरी हाय डोलीत बसवायला?" काका म्हणाले.

"नवरी समजा, पण बसवा!"

घोंगड्याची वळकटी पाठीशी देऊन, पाय खाली सोडून त्यांना बसवले. काही वळणे उतरल्यावर ओठांवर रंग परतला आणि वडील पुटपुटले, "हळू चला रे, नवरी पडंल!"

दवाखान्यात सूज उतरली; पुढे बरीच वर्षे ते शेतावर फिरले.

वडिलांच्या त्या चेष्टेचा मला तेव्हा रागच आला होता; चेष्टा करण्याइतका श्वास त्यांच्या छातीत परतला होता, हे आता कळते. आता माझेही हृदय थकले आहे, मीही उशा रचून बसल्याबसल्या झोपतो. सकाळी कोणाशी तरी कडाडून भांडण्याइतका श्वास छातीत सापडला, की दिवस चांगला जाणार हे मी ओळखतो.