बा खुर्चीवरून उठला

हॉटेलवाल्यानं माझ्या बाला खुर्चीवरून उठवलं तेव्हा बाच्या तोंडात घास होता.

"काय रे, तू इथं कायले बसला? तुही जागा मागं हाये ना?"

बा उठला. घास तसाच गिळला. हात जोडून म्हणाला, "चुकलं मालक." आपलं ताट आपणच उचलून मागच्या मोरीकडं गेला. तिथं कोनाड्यात काचेचा एक ग्लास पालथा घातलेला होता. बाला तो शोधावा लागला नाही.

मी आठ महिन्यांपासून त्या भोजनालयात जेवत होते. तो ग्लास मला कधी दिसला नव्हता.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी सौंसरच्या तहसीलीत टायपिस्ट. हापिसातले सगळे दुपारी तिथंच जेवायचे. चारच टेबलं, गरम पोळ्या, काउंटरवर टेपवर गाणी. मालक "या बाई" म्हणत खुर्ची पुसून द्यायचा. कालची भाजी आवडली का विचारायचा. घरच्यासारखं वाटायचं. माझ्या आडनावावरून जात कळत नव्हती. कोणी विचारली नाही, मी सांगितली नाही. खोटं तर बोलले नाही, असं स्वतःला समजावत होते.

बा तिगावकडं संत्र्याच्या बगीच्यात मजुरीला होता. तो बगीचा या मालकाच्या भावाचा, हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी बा मला भेटायला आला. "हॉटेलात नको माय," म्हणत होता. दारात अडखळला. मला वाटलं, लाजून राहिला. मीच हट्टानं आत नेलं.

मालक माझ्याकडं वळला. "माफ करा बाई. भावाच्या बगीच्यातला गडी हाये. चुकून तुमच्या टेबलावर बसला. तुम्ही जेवा."

मी मोरीकडं पाहिलं. बा उकिडवा बसला होता. त्यानं मान हलवून खुणावलं. बोलू नको.

आणि मी एक घास खाल्ला.

हे मी लपवत नाही. बाप मोरीजवळ, आणि मी खुर्चीवर पोळी मोडून खात होते. मालकानं केलं ते केलं. त्यावर सही मी केली.

दुसरा घास हातातच राहिला. मी उठले.

"तो माझा बाप आहे."

टेपवर गाणं चालूच होतं. आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, पोळी ताटात टाकून हात न धुता बाहेर गेले. कालच त्यांनी माझ्या ताटातलं लोणचं घेतलं होतं.

मालक ओरडला नाही. हळूच बोलला, "पहिलेच सांगायचं होतं बाई. तुम्हालेही मागं बसवलं असतं. इज्जतीनं."

तो मनापासून बोलत होता. तेच जास्त लागलं.

मी मोरीकडं गेले. बाचा हात धरून त्याला पुन्हा टेबलाशी आणून बसवलं. "चाल माय. माह्यं काम जाईन." मी हलले नाही. मालकाच्या पोऱ्यानं आमची ताटं उचलून नेली. वाढायला कोणी आलं नाही. गिऱ्हाईक दारातून पाहून परत जात होतं. आम्ही दोघं रिकाम्या टेबलाशी बसून राहिलो, भटारखाना बंद होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी हापिसातल्या मशीनवर पोलिसांत द्यायची तक्रार टाइप केली. माझं नाव, बाचं नाव. आम्ही पूर्वीचे महार, आता बौद्ध. हे पहिल्याच ओळीत. टाइप करताना बोटं चुकली नाहीत.

तहसीलदार साहेबांनी बोलावलं. "गाव लहान आहे. मिटवून टाका. तो माफी मागेल, इथं, माझ्या खोलीत."

"उठवलं चारचौघांत," मी म्हटलं. "माफीही तिथंच मागू द्या."

"नाही मागितली तर?"

"तर कोर्टात भेटू. कायदा आहे."

माफी आली नाही. बाचं काम मात्र त्याच आठवड्यात गेलं. महिन्यानं भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "तुले नोकरी हाये. मले काय हाये?"

पण तक्रार मी मागं घेतली नाही. कोर्टाच्या तारखांना एकटी गेले.

आता कुठंही नवीन ठिकाणी जेवायला गेले की मी कोण ते आधी सांगते. मग बसते. कोणाला उठायचं असेल, त्यानं उठावं.