समोरचं तोंड

चाळीसगावहून जळगावला येणाऱ्या पॅसेंजरमध्ये ते रोज माझ्या समोर बसून मोबाईलवर खोट्या नाण्यांचा पोकर खेळायचे. निवृत्त इंजिन ड्रायव्हर. नाव मी कधी विचारलं नाही. पान पडलं की मान वर करून माझ्याकडे बघायचे. मला ते खटकायचं.

एकदा मी डोकावलो. बोलीला बोली देऊन ते डावात राहिले होते आणि पटावर तीन पानं उघडली: बदामाची नव्वी, बदामाची दश्शी, किलवरचा गुलाम.

"माझी गुलामाची जोडी झाली," ते म्हणाले. "पण एखादा बदाम आला, नाहीतर ओळीतलं पान आलं, की समोरचा मला मारतो."

"मग आत्ताच जोर लावा ना, आबा."

"तो पानाची वाट बघतोय की जिंकून बसलाय? भुसावळच्या रनिंग रूममध्ये, ड्युटी संपल्यावर आम्ही ड्रायव्हर जिथं झोपायचो, पत्ते कुटायचो तिथं, आमचा एक जोडीदार होता. पानासाठी अडला की मिशी ओढायचा." त्यांनी मोबाईलची काच बाहीनं पुसली. "मोबाईलमा बठ्ठं, सगळं दिखस, भाऊ. तोंड दिखत नही."

त्यांनी डाव सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी पान पडलं, त्यांनी वर बघितलं. मला मिशी नाही. तरी मी दोन बोटांनी ती ओढल्यासारखं केलं.

त्यांची नजर माझ्या ओठांवर जरा जास्तच थांबली. मग त्यांनी होती नव्हती ती सगळी खोटी नाणी पुढे सारली.